लस, पाळी आणि न घेतलेली नोंद



या पानावर एरवी लागणीचे अंतर, खोडव्याची निगा, हुमणीचा बंदोबस्त आणि उसाचे बिल हेच विषय येतात. या वेळचा विषय घरातला आहे. पाण्याच्या पाळीबद्दल आपण पाटावर उभे राहून मोठ्याने बोलतो. पाळी एक दिवस पुढे गेली तर पाटकऱ्याशी भांडतो. घरातल्या बाईची पाळी पुढे गेली, चुकली किंवा अंगावरून जास्त गेले, तर मात्र ती गोष्ट चुलीपलीकडे जात नाही. करोनाच्या लसीच्या वेळी ती चुलीबाहेर पडली खरी, पण अफवेच्या रूपाने. त्यामागचा खरा हिशेब पुढे जगभर मांडला गेला. तो आपल्या गावात कितपत पोहोचला, ही शंकाच आहे. "बायकांचं आहे, त्या बघतील" असे म्हणून पुरुष सभासदांनी पान उलटू नये, एवढी विनंती.

पाच दिवस आधी, पाच दिवस नंतर

आपल्या देशात करोनाची लस टोचण्यास १६ जानेवारी २०२१ रोजी सुरुवात झाली आणि १ मे २०२१ पासून ती १८ वर्षांवरील सर्वांना खुली झाली. त्याच्या आठवडाभर आधी मोबाईलवर एक मजकूर फिरू लागला. पाळीच्या आधी पाच दिवस आणि नंतर पाच दिवस मुलींनी लस घेऊ नये, त्या दिवसांत प्रतिकारशक्ती कमी असते, असे त्यात म्हटले होते. केंद्र सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाने २४ एप्रिल रोजी तो मजकूर खोटा असल्याचे जाहीर केले. डॉक्टरांनीही तेच सांगितले. त्याला कोणताही शास्त्रीय आधार नव्हता.

पण त्याचा परिणाम काय होणार होता, हे जरा बोटे मोजून पाहा. आधीचे पाच, नंतरचे पाच आणि पाळीचे चार-पाच दिवस धरले, तर महिन्यातले पंधरा दिवस गेले. दुसरी लाट गावागावात शिरलेली, लस मोजकी, नंबर लागणे मुश्किल. अशा वेळी निम्मा महिना बाईने केंद्रावर जायचे नाही, असा तो हुकूम होता. 'कावळा शिवला' म्हणून बाजूला बसवण्याची जुनी चाल मोबाईलमधून परत आली, इतकेच.

मजकूर खोटा होता, तरी त्याला लोकांनी कान दिला याचे कारण होते. "सुई घेतली आन् पाळी आठ दिस लांबली", "ह्या खेपेला अंगावरनं लईच गेलं", असे बायका एकमेकींत बोलत होत्या. आशाताईंना विचारत होत्या. त्यांना बहुधा दोनपैकी एक उत्तर मिळे. एक, "लसीचा आणि त्याचा काय संबंध?" दुसरे, "बघ, मी म्हणत होते ना, घेऊ नको." पहिले उत्तर शहाण्याचे वाटते आणि दुसरे अडाण्याचे. पण खरे सांगायचे तर दोन्ही उत्तरांना आधार नव्हता, कारण तोपर्यंत ही गोष्ट कोणी नीट मोजलीच नव्हती.

लसी बाजारात येण्यापूर्वी हजारो माणसांवर त्यांच्या चाचण्या होतात. टोचल्यावर ताप आला का, दंड दुखला का, थकवा आला का, हे सगळे विचारतात आणि लिहून घेतात. पाळीबाबत मात्र, बाई गरोदर नाही ना हे पाहण्यापुरती शेवटच्या पाळीची तारीख विचारण्यापलीकडे सहसा कोणी जात नसे. बरे, शंका नवी म्हणावी तर तसेही नाही. टायफॉइडच्या लसीनंतर पाळीत फरक पडतो का, यावरचा लेख अमेरिकेतल्या एका वैद्यकीय मासिकात १९१३ साली छापून आला होता. त्यानंतर शंभर वर्षे उलटली, तरी अर्जात तो रकाना काही आला नाही. काट्यावर गाडी घेतलीच नाही तर वजनाची पावती निघणार कुठून? आणि पावती नाही म्हणून गाडी रिकामीच होती, असे कोणी सांगू लागला तर आपण ऐकून घेऊ का?

हिशेब कसा लागला

अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या मानववंशशास्त्रज्ञ कॅथरीन क्लॅन्सी यांना लस घेतल्यावर स्वतःलाच जास्त रक्तस्राव झाला. फेब्रुवारी २०२१ मध्ये त्यांनी तसे उघड लिहिले, तेव्हा "मलाही" म्हणणाऱ्यांची रांग लागली. मग कॅथरीन ली या सहकारी संशोधिकेबरोबर त्यांनी प्रश्नावली काढली. ३९ हजारांहून अधिक जणींची उत्तरे घेऊन निष्कर्ष जुलै २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्यांची पाळी एरवी नियमित होती, त्यांच्यापैकी शेकडा ४२ जणींनी लसीनंतर रक्तस्राव जास्त झाल्याचे सांगितले आणि शेकडा ४४ जणींनी काही फरक नाही असे कळवले.

हा ४२ चा आकडा वाचून घाबरण्याचे कारण नाही. आपल्या वार्षिक सभेत ज्याच्या उसाला तोड उशिरा मिळाली तो आधी उठून बोलतो. ज्याचा ऊस वेळेवर गेला तो मागे बसून चहा पितो. सभेतल्या बोलण्यावरून एकूण किती सभासदांचा ऊस रखडला हे ठरवता येत नाही. प्रश्नावलीचेही तसेच असते. ज्यांना त्रास झाला त्या आवर्जून लिहितात. संशोधिकांनीही हे स्पष्ट म्हटले होते. तक्रार आहे आणि ती थोड्याथोडक्या जणींची नाही, एवढे मात्र त्यातून सिद्ध झाले. ब्रिटनमध्ये तर सप्टेंबर २०२१ च्या सुरुवातीपर्यंत औषध नियामक संस्थेकडे अशा ३० हजारांवर नोंदी आल्या होत्या.

आता प्रश्न उरला, फरक लसीने पडला की तो एरवीही पडला असता? शेतकऱ्याला हे समजावून सांगायला नको. नवे खत टाकले आणि टनेज वाढले, पण त्याच साली पाऊसही चांगला झाला, मग श्रेय कोणाचे? म्हणून आपण बाजूला खत न टाकलेला एक पट्टा राखून ठेवतो. बाईची पाळीही काही घड्याळ लावून येत नाही. काळजी, आजारपण, वजनातला चढउतार, थायरॉइड, अंगावर पाजणे यांपैकी कशानेही ती पुढेमागे होते. आणि २०२१ साली काळजीला काय तोटा होता!

अमेरिकेतील ओरेगॉन येथील डॉ. अ‍ॅलिसन एडलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असा राखीव पट्टा ठेवून हिशेब केला. पाळीच्या तारखा मोबाईलमध्ये दर महिन्याला आधीपासूनच नोंदवणाऱ्या ३,९५९ जणींच्या नोंदी त्यांनी घेतल्या. त्यांपैकी २,४०३ जणींनी लस घेतलेली होती आणि १,५५६ जणींनी घेतलेली नव्हती. जानेवारी २०२२ मध्ये निष्कर्ष आले. लस घेतलेल्या महिन्यात पाळी सरासरी एक दिवसापेक्षाही कमी लांबली. रक्तस्रावाच्या दिवसांत वाढ दिसली नाही. एकाच पाळीचक्रात दोन्ही डोस पडले अशा बायकांची पाळी सरासरी दोन दिवस लांबली. त्यांतल्या दहांत एखादीची आठ दिवस किंवा त्याहून जास्त पुढे गेली. लस न घेतलेल्यांत असे प्रमाण शंभरात चार होते. पुढच्या एक-दोन पाळ्यांत गाडी पुन्हा मूळ रुळावर आली.

आपल्याकडे वापरलेल्या लसी वेगळ्या होत्या, असे कोणी म्हणेल. शंका रास्त आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये याच गटाने अनेक देशांतील १९,६२२ जणींचा हिशेब मांडला. त्यात पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने बनवलेली कोविशील्ड ज्या प्रकारची आहे तो प्रकार होता, आणि हैदराबादची कोव्हॅक्सिन ज्या प्रकारची, म्हणजे मारलेल्या विषाणूची आहे, तोही होता. लसीच्या प्रकाराने फरक पडला नाही. शिवाय १३ मे २०२१ पासून आपल्याकडे कोविशील्डच्या दोन डोसांत १२ ते १६ आठवड्यांचे अंतर ठेवले गेले. त्यामुळे एकाच चक्रात दोन डोस पडण्याचा प्रसंग आपल्याकडे क्वचितच आला असणार.

त्यानंतर ऑक्टोबर २०२२ मध्ये युरोपच्या औषध नियामक संस्थेने फायझर आणि मॉडर्ना या दोन लसींच्या माहितीपत्रकात 'जास्त मासिक रक्तस्राव' हा संभाव्य दुष्परिणाम म्हणून घालण्याची शिफारस केली. बहुतेक वेळा तो गंभीर नसतो आणि आपोआप थांबतो, असेही नमूद केले. म्हणजे "काय संबंध?" म्हणणाराही चुकला आणि "घेऊ नको" म्हणणाराही चुकला. संबंध आहे, पण पाण्याची पाळी एक दिवस पुढे गेल्याने ऊस वाळत नाही, तेवढाच तो आहे. हे एक वाक्य एप्रिल २०२१ मध्ये आशाताईंच्या हातात असते, तर त्या अफवेचा अर्धा जोर तिथेच संपला असता, असे आमचे मत आहे. बाईला "तुझ्या मनाचे खेळ" म्हटले की ती वाद घालत नाही, फक्त पुढच्या वेळी विचारायला येत नाही.

असे का व्हावे, याचे उत्तर फार अवघड नाही. पाळीचा हुकूम मेंदूतून सुटतो आणि अंडाशयामार्फत गर्भाशयाकडे जातो. लस टोचली की शरीर शत्रू आल्यासारखे जागे होते, रक्तात निरोप फिरतात, कसर येते. त्या धावपळीत एखाद्या महिन्याचा हुकूम उशिरा निघू शकतो. पाळीनंतरच्या पहिल्या पंधरवड्यात, म्हणजे बीज सुटण्यापूर्वी, लस घेतलेल्यांत हा उशीर जास्त दिसला. गर्भाशयाच्या अस्तरातही रोगाशी झुंजणाऱ्या पेशी असतात, त्यामुळे रक्तस्रावात फरक पडणे संभवते.

"मूल होणार नाही" ही दुसरी अफवा तर कायमचीच आहे. देवीची लस टोचणारा आला की पोरे कणगीआड लपत. पोलिओच्या थेंबांबद्दलही काही भागांत हेच बोलले गेले, आणि त्याच थेंबांनी २०१४ साली भारत पोलिओमुक्त ठरला. करोनाच्या लसीबाबत बोस्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी मुलासाठी प्रयत्न करणाऱ्या २,१२६ स्त्रियांची पाहणी केली. नवरा-बायकोपैकी कोणीही लस घेतली तरी दिवस राहण्यात फरक आढळला नाही. उलट पुरुषाला करोना होऊन गेल्यावर काही आठवडे दिवस राहण्याची शक्यता कमी झालेली दिसली. ही ओळ पुरुष सभासदांनी दोनदा वाचावी.

सगळेच लसीवर ढकलू नये

याची दुसरी बाजूही आहे आणि ती जास्त काळजीची आहे. लसीने पाळी बदलते हे एकदा कळले, की प्रत्येक रक्तस्राव "लसीमुळे असेल" म्हणून अंगावर काढला जाण्याची भीती असते. पाळी जाऊन वर्ष झालेल्या बाईला पुन्हा अंगावरून जाऊ लागले, तर लस कधीही घेतलेली असो, तिला डॉक्टरांना दाखवलेच पाहिजे. कर्करोगाची ती पहिली खूण असू शकते. घडी किंवा पॅड तासा-दोन तासांत भिजत असेल, मोठ्या गाठी पडत असतील, आठ दिवस उलटूनही थांबत नसेल, दोन पाळ्यांच्या मध्ये किंवा संबंधानंतर रक्त जात असेल, तर तेही दाखवावे. चक्कर, धाप, पांढरेफटक पडलेले डोळे असतील तर रक्त तपासावे. पाळी चुकली असेल तर आधी दिवस गेले आहेत का ते पाहावे. ती तपासणी उपकेंद्रात होते.

येथे आपल्या फडावरच्या बायांची गोष्ट निघणे भाग आहे. आपला ऊस ज्या कोयत्याने तुटतो त्याची अर्धी मूठ बाईच्या हातात असते. पहाटे फडात जायचे, मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढवायची, आडोसा नाही, पाणी नाही. पाळीत दुखले आणि एक दिवस खाडा झाला की उचलीतून पैसे कापले जातात. अंगावरून जाण्याची तक्रार घेऊन अशी बाई दवाखान्यात गेली की "पिशवी काढून टाक, कटकट मिटेल" हा सल्ला तिला सोपा वाटतो, आणि देणाऱ्याला फायद्याचा. बीड जिल्ह्यातले हे प्रकार २०१९ साली उघडकीस आले. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड महिलांच्या पाहणीत १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. म्हणजे दर सहा जणींत एक. त्यानंतर त्या जिल्ह्यात खाजगी दवाखान्यांना या शस्त्रक्रियेपूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेणे बंधनकारक करण्यात आले.

यातल्या बहुतेक तक्रारी औषधगोळ्यांनी आटोक्यात येण्यासारख्या असतात. पण त्यासाठी कोणीतरी बसून विचारावे लागते, तारखा लिहून घ्याव्या लागतात. गळीत हंगामात टोळी आपल्या शेतात उतरते तेव्हा तिथल्या बाया कोणाच्या, या वादात न पडता जवळच्या उपकेंद्राच्या परिचारिकेला फडावर बोलावणे हे त्या शेताच्या मालकाला सहज जमण्यासारखे आहे.

आता मुलींची लस

हा सगळा पाढा आज वाचण्याचे कारण म्हणजे मुलींची लस. गर्भाशयाच्या तोंडाचा कर्करोग आपल्या देशात दरवर्षी सुमारे सव्वा लाख स्त्रियांना होतो आणि ८० हजारांच्या आसपास त्यात दगावतात. तो एचपीव्ही नावाच्या विषाणूने होतो आणि त्याविरुद्ध लस आहे. सीरम इन्स्टिट्यूटची सर्व्हाव्हॅक ही देशी लस जानेवारी २०२३ मध्ये आली. ९ ते १४ वर्षांच्या मुलींना लस देण्यास उत्तेजन देण्याचे केंद्राने २०२४ च्या अंतरिम अर्थसंकल्पात जाहीर केले. वय नेमके न्हाण येण्याच्या आगेमागेचे. त्या वयात पहिली दोन-तीन वर्षे पाळी तशीही अनियमितच असते. म्हणजे लस घेतल्यावर कुठल्या ना कुठल्या मुलीची पाळी पुढेमागे होणारच, आणि बोट लसीकडे जाणारच.

जपानमध्ये हेच घडले. मुलींच्या तक्रारींच्या बातम्या झळकल्या आणि जून २०१३ मध्ये सरकारने लसीची शिफारस मागे घेतली. लस घेणाऱ्या मुलींचे प्रमाण शेकडा ७० वरून एकाच्याही खाली आले. मग नागोया शहराने २०१५ साली प्रश्नावली पाठवली. जवळजवळ ३० हजार जणींनी उत्तरे दिली. तक्रारीत येणारी २४ लक्षणे विचारली होती, त्यांत अनियमित पाळी आणि जास्त रक्तस्राव हेही होते. लस घेतलेल्यांत ती न घेतलेल्यांपेक्षा जास्त आढळली नाहीत. पुन्हा तोच राखीव पट्टा! तरी शिफारस पूर्ववत व्हायला एप्रिल २०२२ उजाडले. नऊ वर्षांच्या मुली मधल्या मधे राहिल्या.

आपल्याकडेही २००९-१० मध्ये आंध्रातील खम्मम आणि गुजरातमधील वडोदरा येथे या लसीचा प्रकल्प झाला. काही मुलींचे मृत्यू झाल्यावर एप्रिल २०१० मध्ये तो थांबवला गेला. चौकशीत मृत्यूंचा लसीशी संबंध आढळला नाही. पण वसतिगृहातील मुलींसाठी पालकांऐवजी वसतिगृहाच्या अधिकाऱ्यांनी संमतीच्या सह्या केल्याचे आढळले, आणि हा दोष लहान नाही. पालकाला विचारायचे नाही आणि नंतर "लोक लसीला घाबरतात" म्हणायचे, हे चालणार नाही.

त्या गोंधळात आणखी एक अभ्यास अडकला. मुलींना दोन डोस पुरतात की तीन लागतात, हे पाहण्यासाठी तो देशात अनेक ठिकाणी चालू होता आणि त्यात आपल्या सोलापूर जिल्ह्यातील बार्शीचे नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालयही होते. लस देणे मध्येच बंद पडल्याने हजारो मुलींना एकच डोस मिळाला. बार्शीसह सगळ्या केंद्रांनी त्या मुलींचा पाठपुरावा मात्र सोडला नाही. दहा वर्षांनी हिशेब केला तेव्हा एका डोसानेही तितकेच संरक्षण मिळाल्याचे दिसले. डिसेंबर २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने एकच डोसही चालेल असे मान्य केले, त्यामागच्या पुराव्यात आपल्या भागातल्या या मुलींचा वाटा आहे.

तेव्हा मुलीला लस देण्याआधी विचारायचे ते जरूर विचारा. कोणती लस, किती डोस, त्रास झाला तर कोणाला कळवायचे, हे विचारल्याशिवाय सही करू नका. आणि एक काम घरी करा. दुधाचा हिशेब आपण भिंतीवरच्या कालनिर्णयावर मांडतो, तशीच एक बारीक खूण पाळीच्या पहिल्या दिवशी करायला मुलीला शिकवा. लसीच्या आधीचे तीन महिने आणि नंतरचे तीन महिने एवढ्या खुणा असल्या, की फरक पडला का, किती पडला, हे कोणाच्या सांगण्यावर अवलंबून राहत नाही. फरक मोठा वाटला तर ते पान घेऊनच प्राथमिक आरोग्य केंद्रात जा आणि लसीनंतरची तक्रार म्हणून नोंद करून घ्यायला सांगा. तिथे दाद लागली नाही, तर औषध व लसींच्या दुष्परिणामांची नोंद घेणारा केंद्र सरकारचा १८००-१८०-३०२४ हा मोफत दूरध्वनी आहे. बाईने स्वतः फोन केला तरी चालतो.